मीटरवरचा सर्व्हिसचा पाना हटत नसेल तर काय करायचं

गणपतीच्या आधीचे चार दिवस आमच्या गॅरेजात उभं राहायला जागा नसते. गॅरेज नांदगाव तिठ्याजवळ. मुंबईहून रात्रभर गाडी हाकत आलेला माणूस देवगड-कुणकेश्वरकडे वळण्याआधी इथे थांबतो. कोणाचे ब्रेक वाजत असतात, कोणाचा एसी गार होत नसतो. आणि दरवर्षी पाच-सहा जण तरी एकच गाऱ्हाणं घेऊन येतात, "सर्व्हिसिंग करून निघालंय, ऑइल बदलल्यानी, पण मीटरवरचो पानो काय जाणा नाय."

पाना म्हणजे सर्व्हिसची आठवण करून देणारी लाइट. काही गाड्यांत पान्याचं चित्र असतं, काहींत ‘सर्व्हिस’ अशी अक्षरं येतात, काहींत चावी फिरवताच पुढच्या सर्व्हिसला उरलेले किलोमीटर दिसतात. ही आठवण पुसायला बहुतेक गाड्यांत पाच मिनिटं पुरतात आणि एक रुपया लागत नाही. पण क्रम चुकला की ती पुसली जात नाही. मग माणूस वैतागून बटण दाबत बसतो, नंतर बॅटरीचं टर्मिनल काढून बघतो, आणि शेवटी कोणीतरी त्याला मीटर बदलायला सांगतो. एवढ्याशा कारणासाठी खरोखर मीटर बदलावं लागलं अशी गाडी माझ्या हाताखालून क्वचितच गेली आहे. म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

पेटली आहे ती सर्व्हिसचीच लाइट का?

इथे घाई करू नका. मीटरवर काही पिवळं दिसलं की ते सर्व्हिसचंच, असं धरून चालणारे बरेच आहेत.

तोंडाला थेंब असलेल्या तेलाच्या झारीचं लाल चित्र म्हणजे इंजिनातल्या ऑइलचा दाब पडला. चालत्या गाडीत ते लागलं तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन तिथल्या तिथे बंद करा. फोंडा घाटात असाल, रात्र असेल, पाऊस असेल, तरी ‘खालच्या गावापर्यंत नेतो’ म्हणू नका. दाबाशिवाय चाललेल्या इंजिनाची बेअरिंगं काही मिनिटांत जातात. त्यापुढे टोइंगचा खर्च काहीच नाही.

इंजिनाच्या आकाराचं पिवळं चित्र म्हणजे चेक इंजिन. ती लाइट कुठल्या तरी सेन्सरने किंवा इंजिनाच्या संगणकाने दोष नोंदवल्यावर लागते. स्थिर असेल तर एक-दोन दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करतं आहे, म्हणजे आतलं पेट्रोल नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्यापर्यंत जाऊन तो जळू शकतो. वेग कमी करा आणि लवकरात लवकर थांबा. डिझेल गाडीत पावसाळ्यात आणखी एक लाइट लागते, फिल्टरमध्ये पाणी साठल्याची. ती फिल्टरच्या तळचा स्क्रू सैल करून पाणी काढल्यावर जाते. घोड्याच्या नालेसारखं चित्र आणि आत उद्गारचिन्ह असेल तर टायरमधली हवा बघा.

ओळखायची सोपी खूण अशी. गाडीसोबत मिळालेलं पुस्तक काढा, त्यात मीटरवरच्या चित्रांचं पान असतं. पुस्तक गावच्या घरी माळ्यावर असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुतेक मॉडेलांचं मिळतं. तुमचं मॉडेल आणि वर्ष जुळतंय ना, एवढं बघा.

ही लाइट मोजते काय?

हे एकदा समजलं की अर्धी डोकेदुखी जाते. बहुतेक गाड्यांत ही लाइट म्हणजे एक मोजणी आहे. मागच्या रिसेटपासून किती किलोमीटर झाले आणि किती दिवस गेले. दोन्हींतलं जे आधी पुरं होईल त्यावर ती पेटते. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना ही मुदत १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने असते. काही गाड्यांत इंजिन किती तापलं, किती वेळा सुरू झालं, किती ओढलं यावरून ऑइलचं उरलेलं आयुष्य काढतात, पण तिथेही हिशोबच असतो. ऑइल आत किती आहे, काळं पडलंय की कालच भरलंय, हे त्या पान्याला ठाऊक नसतं.

म्हणून गावच्या पडवीत वर्षभर उभी राहिलेली, जेमतेम हजार किलोमीटर चाललेली गाडीसुद्धा पाना दाखवते. मालक म्हणतो, "गाडी चलली खय?" चालली नाही, पण वर्ष गेलं. आणि समुद्राजवळच्या दमट हवेत उभं राहिलेलं ऑइलही जुनं होतंच.

याच कारणाने बॅटरीचं टर्मिनल काढून ही लाइट जात नाही. ही मोजणी ओडोमीटरच्या, म्हणजे गाडीच्या एकूण किलोमीटरच्या आकड्यासारखीच असते, करंट गेला तरी चिपमध्ये तशीच राहते. जातं ते घड्याळ, रेडिओची स्टेशनं, खिडकीच्या काचेची एका दाबात वर जाण्याची सवय. काही जुन्या म्युझिक सिस्टिम तर परत सुरू होताना कोड मागतात, आणि तो कोड लिहिलेलं कार्ड कोणाला सापडत नाही. शिवाय काही गाड्यांत टर्मिनल निघाल्यावर दिवसांची मोजणीच चुकते. एक लाइट घालवायला गेलं आणि चार कामं वाढली, असं होतं.

काम आधी, रिसेट मग

दोन वर्षांपूर्वी एक प्राथमिक शिक्षक गाडी घेऊन आले. शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये तीन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग झालं होतं. बिलावर ऑइल होतं, ऑइल फिल्टर होता, एअर फिल्टर होता. मीटरवर पाना नव्हता, उरलेले किलोमीटर भरपूर दिसत होते. गुरुजी आले होते ते ब्रेकसाठी. गाडी वर घेतली आणि सहज फिल्टरकडे बघितलं, तर त्यावर माझ्याच हातचं मार्करने लिहिलेलं होतं, ‘१४ मे, ३८,२१०’. म्हणजे आदल्या वर्षी मी बसवलेला फिल्टर तसाच होता. ड्रेन बोल्ट सोडला तर ऑइल धार धरून पडेना, डांबराच्या गोळ्यांसारखं सुटत होतं. गुरुजी काही बोलले नाहीत, नुसते बिलाची घडी घालून खिशात ठेवत राहिले. त्यांची चूक एवढीच, की लाइट गेली म्हणजे काम झालं असं त्यांना वाटलं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, रिसेट करण्याआधी बॉनेट उघडून स्वतः बघा. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. ऑइलची काडी काढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि परत काढा. ऑइल दोन खुणांच्या मधे हवं, वरच्या खुणेच्या जवळ असेल तर उत्तम. पेट्रोल गाडीत ताजं ऑइल मधासारखं दिसतं. डिझेलमध्ये ते शे-दोनशे किलोमीटरांत काळं पडतं, तिथे रंगावरून शंका घेऊ नका. दुधाळ, ताकासारखं दिसलं तर आत पाणी किंवा कूलंट (इंजिन गार ठेवणारं रेडिएटरचं पाणी) गेलंय, गाडी सुरूच करू नका. जुने फिल्टर मागून घ्या, निदान त्यांचा फोटो काढून ठेवा. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही.

डिझेलवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस सहा, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं, आणि गाडी सारखी घर ते बाजार, बाजार ते घर अशीच फिरत असेल तर ही जाळणी अर्धवट राहून थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. मग काडीवरची पातळी कमी न होता वर चढते, ऑइल पातळ होतं आणि त्याला डिझेलचा वास येतो. काही गाड्यांचा संगणक या मिसळीचाही हिशोब ठेवतो. अशा गाडीत ऑइल न बदलता लाइट पुसली तर त्याला वाटतं आत ताजं ऑइल आहे, आणि इंजिन पातळ ऑइलवर चालत राहतं. उलट ऑइल बदलून रिसेट विसरलात, तर काही दिवसांत तो विनाकारण इशारा देतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करा.

रिसेटच्या आधीची तयारी

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये. सगळी दारं, डिकी, बॉनेट नीट बंद. हे क्षुल्लक वाटेल, पण दार उघडं असल्याचा इशारा मीटरचा पडदा अडवून बसतो आणि खालचा मेनू येतच नाही. सीटबेल्ट लावून बसा. एसी, पंखा, गाणी, हेडलाइट बंद. मोबाइलवर सेकंद मोजायला कोणीतरी शेजारी असला तर बरं, कारण ‘दहा सेकंद’ म्हणून माणूस खरं तर पाचच दाबतो.

बटण स्टार्टच्या गाडीत निम्म्या लोकांचा घोटाळा होतो तो इथे. आपल्याला इंजिन सुरू न करता इग्निशन ‘ऑन’ करायचं आहे. त्यासाठी ब्रेक किंवा क्लचवर पाय न ठेवता बटण दाबायचं. बऱ्याच गाड्यांत पहिल्या दाबाला नुसता रेडिओ सुरू होतो, दुसऱ्या दाबाला मीटरवरच्या सगळ्या लाइटी लागतात. ती दुसरी अवस्था हवी. पहिल्या अवस्थेत कितीही बटण दाबलं तरी रिसेट होत नाही.

आणि मीटरचा एक फोटो घ्या, किलोमीटर दिसतील असा.

मुख्य रीती

मॉडेल आणि वर्षागणिक फरक असतो, म्हणून पुस्तकातला क्रम पहिला. पण एकूण चार-पाचच जातीच्या रीती आहेत, त्या कळल्या की पुस्तकातलं वाक्य चटकन समजतं.

सगळ्यांत जुनी रीत मीटरवरच्या ट्रिपच्या दांडीची, म्हणजे एका फेरीचे किलोमीटर मोजणारा ट्रिपचा आकडा शून्य करायच्या बटणाची. टोयोटाच्या अनेक मॉडेलांत ही चालते:

१. इग्निशन ऑन करून पडद्यावर पुस्तकात सांगितलेला आकडा आणा. जुन्या गाड्यांत ओडोमीटर, नंतरच्या काहींत ट्रिप ए.
२. इग्निशन बंद करा.
३. ट्रिपची दांडी दाबा आणि दाबूनच ठेवा.
४. दांडी न सोडता इग्निशन ऑन करा. इंजिन सुरू करायचं नाही.
५. पडद्यावर शून्यं किंवा रेघा दिसून लाइट जाईपर्यंत दांडी सोडू नका.

पहिली पायरी लोक गाळतात. ओडोमीटरच्या जागी ट्रिप बी दिसत असेल तर तुम्ही फक्त ट्रिप शून्य करता आणि पाना तसाच राहतो. ‘रिसेट केला तरी जात नाही’ म्हणून आलेल्या गाड्यांत ही चूक मी सगळ्यांत जास्त बघतो.

फोक्सवॅगनच्या जुन्या पोलो-व्हेंटोमध्ये या रीतीला एक शेपूट आहे. इग्निशन बंद असताना ०.० लिहिलेलं बटण दाबून धरा, इग्निशन ऑन करा, बटण सोडा, आणि मग साधारण वीस सेकंदांच्या आत घड्याळाचं बटण एकदा दाबा. घड्याळाचं बटण दाबायला उशीर झाला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. याच घराण्यातल्या मोठ्या स्क्रीनच्या गाड्यांत हे काम स्क्रीनवरच्या सेटिंगमधून होतं. तिथे ऑइल बदल आणि तपासणी अशा दोन नोंदी वेगवेगळ्या असू शकतात. एकच पुसली तर दुसरी आठवण देत राहते.

ह्युंदाईच्या रंगीत मीटरच्या गाड्यांत स्टीअरिंगवरच्या बटणांनी यूजर सेटिंग्जमध्ये जा, तिथे ‘सर्व्हिस इंटर्व्हल’ सापडेल. मुदत तिथेच किलोमीटर आणि महिन्यांत भरता येते. ती भरल्यावर ओके बटण एक सेकंदाहून जास्त दाबून धरलं की मोजणी नव्याने सुरू होते. नुसतं टिचकीसारखं दाबलं तर होत नाही. या गाड्यांत मुदत संपायला १,५०० किलोमीटर किंवा ३० दिवस उरले की आगाऊ सूचना येऊ लागते. ती आली म्हणून घाबरायचं कारण नाही, गॅरेजला फोन करायची वेळ झाली एवढंच.

रेनोच्या डस्टरमध्ये वायपरच्या दांड्याच्या टोकाला ट्रिप कॉम्प्युटरची बटणं आहेत. ती दाबत पुढच्या सर्व्हिसचं अंतर पडद्यावर आणा, मग बटण सलग दहा सेकंद दाबून धरा. आकडा लुकलुकेल, तो स्थिर होईपर्यंत बोट काढू नका.

फोर्डने भारतात गाड्या बनवणं बंद करायचं जाहीर केलं ते सप्टेंबर २०२१ मध्ये, पण फिगो आणि इकोस्पोर्ट आमच्या रस्त्यांवर अजून भरपूर आहेत. त्यांच्या बऱ्याच मॉडेलांत पायाने रिसेट होतं. अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही पेडल पूर्ण दाबून धरायचे, मग इग्निशन ऑन करायचं आणि पंचवीसेक सेकंद तसंच बसायचं. रिसेट पूर्ण झाल्याचा संदेश आला की पाय काढा. फक्त एक काळजी घ्या. फोर्ड बटण स्टार्टची असेल तर ब्रेक दाबलेला असताना बटण दाबल्यावर इंजिन सुरू होऊ शकतं, आणि अ‍ॅक्सिलरेटर तळाला असतो. अशा गाडीत क्रम पुस्तकात बघितल्याशिवाय हात लावू नका.

कुठल्याही रीतीनंतर इग्निशन बंद करा, अर्धा मिनिट थांबा, परत ऑन करा. पाना काही सेकंद दिसून विझला किंवा नवा आकडा आला, तर झालं.

एवढं करूनही जात नाही तेव्हा

आता खरी मेहनत. मी ज्या क्रमाने तपासतो, त्याच क्रमाने सांगतो.

पहिल्यांदा बॅटरी. मुंबईकरांच्या गावी ठेवलेल्या गाड्या महिनोन् महिने उभ्या असतात आणि बॅटरी अर्धमेली असते. रिसेटच्या मधेच व्होल्टेज पडलं की मीटर क्षणभर झोपतो आणि नवी नोंद चिपमध्ये उतरतच नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर साध्या मल्टिमीटरने बघा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर लावा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवं. सेल्फ मारताना १० च्या खाली जात असेल तर बॅटरी म्हातारी झाली. टर्मिनलही बघा. आमच्याकडे त्यावर निळसर-पांढरा फुलोरा चढतो. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, आणि वर ग्रीसचा पातळ हात फिरवा. टर्मिनल काढायचंच असेल तर आधी काळं, लावताना आधी लाल.

मग बटण. तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ घर असलेल्या एकाची गाडी आली होती. क्रम सगळा बरोबर, बॅटरी नवी, पण पाना हटेना. मी ट्रिपची दांडी बोटाने हळू दाबली, तर तिच्या मुळाशी पांढरट किट दिसला, मिठागराच्या कडेला असतो तसा कोरडा. दांडी दाबली की टक आवाज यायचा, पण सलग दाबून धरली की मधेच संपर्क सुटायचा. पडद्यावरचा आकडा थरथरत होता, तोच पुरावा. खारी हवा खिडकीतून आत येते, रात्री दव पडतं, आणि अशी न वापरली जाणारी बटणं आतून गंजत जातात. इग्निशन बंद ठेवून कापसाच्या काडीवर इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट क्लीनर घेतला, दांडीच्या मुळाशी फिरवला, दांडी पंचवीस-तीस वेळा दाबली-सोडली, दहा मिनिटं वाळू दिली. पुढच्या प्रयत्नाला पाना गेला.

क्लीनर थेट मीटरवर फवारू नका. बिजागऱ्यांना घालतात ते तेलाचे स्प्रे इथे चालत नाहीत, त्यांचा थर आत राहतो आणि धूळ धरतो. थिनर किंवा पेट्रोल लागलं तर मीटरची काच कायमची धुरकट होते.

स्टीअरिंगवरची बटणं चालत नसतील तर हॉर्नही वाजवून बघा. हॉर्न आणि बटणं दोन्ही मेली असतील तर स्टीअरिंगच्या आतली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे फिरत्या चाकातल्या बटणांना करंट पोचवणारी तारेची गुंडाळी, तुटलेली असण्याची शक्यता मोठी. ते काम घरी करायचं नाही. तिथे एअरबॅग बसलेली असते.

नंतर तारीख. काही गाड्या दिवसांची मोजणी मीटरच्या किंवा स्क्रीनच्या तारखेवरून करतात. बॅटरी बदलताना तारीख मागे-पुढे गेली असेल तर रिसेट होतो आणि लगेच पाना परत येतो. घड्याळ-तारीख आधी बरोबर लावा, मग रिसेट करा. दोन-तीन दिवसांनी परत लागली, अशी तक्रार असेल तर बहुधा हेच असतं, किंवा मागच्या मालकाने मुदत फार कमी भरून ठेवलेली असते. मेनूत जाऊन मुदतीचा आकडा बघा.

आणि गाडी जुनी घेतलेली असेल तर तिचा इतिहास विचारा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या होत्या, आणि अशा पुरातल्या गाड्या धुऊन-पुसून पुढे विकल्याही जातात. माझ्याकडे एक आली होती. पाना जायचा, परत यायचा, मधेच दुसरीच लाइट लागायची. डॅशबोर्डखालचा कनेक्टर सोडवला तर आत वाळलेल्या गाळाची पापडी आणि पिनांवर हिरवा थर. पिना साफ करून कनेक्टर बसवल्यावर लाइटी शहाण्यासारख्या वागू लागल्या. गाडी घेणाऱ्याला मात्र कोणी काही सांगितलं नव्हतं, त्याचं वाईट वाटलं. जुनी गाडी बघताना स्टेपनीच्या खड्ड्यात आणि सीटच्या पट्ट्यांखाली हात घालून बघा. पट्टा पूर्ण बाहेर ओढला की पाण्याची रेघ लपत नाही.

स्कॅनर कधी लागतो

काही गाड्यांत कंपनीने मालकाच्या हाती रिसेट ठेवलेलाच नाही. पुस्तकात ‘अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा’ एवढंच असेल तर बटणं दाबण्यात वेळ घालवू नका. स्टीअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडायची जागा असते. तिथे वर्कशॉपचा स्कॅनर लावून ‘सर्व्हिस रिसेट’ किंवा ‘ऑइल रिसेट’ निवडलं की काम होतं.

त्या सॉकेटला लावून मोबाइलवर बघायच्या, ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ब्लूटूथ ओबीडीबद्दल लोक नेहमी विचारतात. चेक इंजिनचे कोड वाचायला तो चांगला आहे, मीही तरुण पोरांना घ्यायला सांगतो. पण इंजिनाचे कोड पुसले म्हणून सर्व्हिसची मोजणी पुसली जात नाही. ती वेगळ्या जागी असते आणि प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. त्यासाठी तुमच्या गाडीला जुळणारा स्कॅनर असलेलं गॅरेज शोधा. फोनवर गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंधन सांगा आणि सरळ विचारा, "या गाडीचा सर्व्हिस रिसेट तुमच्या स्कॅनरला होतो का?" तेल-पाणी तिथेच केलं असेल तर रिसेटचे वेगळे पैसे मागण्यासारखं काही नसतं.

मुदत कोकणाप्रमाणे भरा

रिसेट झाला. आता पुढची मुदत किती ठेवायची, यावर माझं मत ठाम आहे. गाडीच्या पुस्तकात ‘कठीण परिस्थिती’ असा एक तक्ता असतो, तो कोणी वाचत नाही. त्यात लिहिलेलं असतं: धुळीचे रस्ते, डोंगराळ चढ, खारी हवा, सतत छोट्या फेऱ्या. हे आमच्या रोजच्या वाटेचंच वर्णन झालं. जांभ्याची लाल धूळ एअर फिल्टर उन्हाळ्यातच भरून टाकते. पावसात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं. आणि आंबोली नाहीतर गगनबावडा चढताना इंजिन तासभर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रडत असतं.

त्या तक्त्यातला आकडा तुमच्या गाडीसाठी बघा आणि मेनूत भरता येत असेल तर तोच भरा. भरता येत नसेल तर पान्याची वाट बघू नका. मी स्वतः १०,००० ची मुदत असलेल्या गाड्यांना इथे साडेसात हजारांवर ऑइल सुचवतो, आणि एअर फिल्टर मे महिन्यात काढून झटकून बघायला सांगतो. आंब्याच्या पिकअपवाल्यांना हे पटवणं कठीण जातं. मार्चमध्ये पाना पेटतो, पण पेट्या वाशीला पोचवायच्या असतात, मेअखेरपर्यंत कोणी थांबायला तयार नसतो. त्यांना मी हंगाम सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारीतच ऑइल बदलून रिसेट करून देतो. मुदत शिल्लक असली तरी हरकत नाही, बहुतेक गाड्यांत आधी रिसेट करता येतं.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने गाडी नेलीत, किंवा वाळूत उतरवलीत, तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. त्याची आठवण कुठलाही मीटर देत नाही.

शेवटचं काम दोन मिनिटांचं. कागदी चिकटपट्टीवर बॉलपेनने पुढच्या ऑइलचे किलोमीटर आणि तारीख लिहा आणि ती ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या खांबावर लावा. काचेवर लावू नका, पावसाळ्यातल्या ओलीने तिथली पट्टी महिन्याभरात सुटते. खांबावर वर्षभर टिकते आणि दार उघडलं की पाना पेटायच्या आधी तीच दिसते.